अडीच सत्ते

साउंडवाले माइकवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘माइक टेस्टिंग’ तर नाहीच. ते अडीचकी म्हणायचे. माइकपासून चार बोटं लांब उभं राहून, हात मागे बांधून, गुरुजींसमोर म्हणावी तशी. अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात.

मी एकदा विचारलं, अडीचकीच का?

“अडीचमध्ये ‘ड’ आहे, तो पोटातून येतो,” ते म्हणाले. “पाचमध्ये ‘प’ आहे, तो माइकवर फुंकर मारतो. ‘त्रिक’ म्हणताना फाटका स्पीकर लगेच कळतो. आणि सत्ते साडेसतरा. तीन ‘स’. तिथे शीळ वाजली नाही, की सगळं ठीक. मग भाषणवाला बोलवा नाहीतर गाणारा बोलवा. ‘हॅलो’त काय आहे? नुसती हवा.”

नव्वदच्या दशकात माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र मिळून एक रॉक बँड चालवायचे. बँडचं नाव इथे लिहीत नाही. हल्ली ते घेतलं की पासांसाठी फोन येतात. भाऊ ड्रम वाजवायचा. मला वाजवता येत नव्हतं आणि गाता त्याहून येत नव्हतं, पण चौघांपैकी कोणाच्या लक्षात काही राहायचं नाही, म्हणून सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. केबल किती, स्टँड किती, टेम्पो किती वाजता, कोण जेवलेलं नाही. मी वहीत याद्या करायचे. अजूनही करते. माझी नोकरी त्यावरच चालली आहे.

साउंडवाल्यांचं दुकान नारायण पेठेत होतं. दारावर ‘लाउडस्पीकर भाड्याने मिळतील’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘आवाज आपला आपण आणावा’. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते स्टुलावर बसून एका स्पीकरला कान लावून ऐकत होते. स्पीकर बंद होता.

“काय आहे? लग्न की सभा?”

“रॉक आहे, काका,” भाऊ म्हणाला.

“मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही. साउंडवाले म्हणा.”

तेव्हापासून आम्ही त्यांना साउंडवालेच म्हणत आलो. त्यांचं नाव मला पुढे पावतीवर कळलं, पण कधी वापरलं नाही. तेही कोणाला नावाने हाक मारत नसत. मिक्सरवर ज्याची वायर ज्या भोकात, तो त्याचा नंबर. ड्रमला तीन माइक लागायचे म्हणून भाऊ ‘एक ते तीन’. गायक ‘सात नंबर’. “अहो सात नंबर, माइक खायचा नसतो, जेवून येत जा.” माझी वायर कुठल्याच भोकात नव्हती. मला ते ‘यादीबाई’ म्हणायचे. मी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होते, पण ‘बाई’ सुटली नाही.

पहिल्या तालमीला ते हाताची घडी घालून दोन तास बसले. आम्ही वाट बघत होतो काय म्हणतात याची. ते म्हणाले, “शब्द ऐकू येऊ द्यायचे आहेत की नाहीत, ते आधी सांगा. त्याप्रमाणे करू.”

बँडची बहुतेक गाणी इंग्रजी होती. मराठी एकच होतं, होस्टेलच्या खोलीबद्दलचं, गायकाने सबमिशन चुकवून लिहिलेलं. ते कार्यक्रमात घ्यावं की नाही यावर चौघांची भांडणं चालायची. साउंडवाल्यांनी निकाल दिला. “हे एकच गाणं तुम्हाला येतं. बाकीची नुसती पाठ आहेत.”

मिक्सरच्या कडेला ते पांढरी कागदी पट्टी चिकटवायचे आणि प्रत्येक बटणाखाली पेन्सिलीने लिहायचे. नरडं. जाड तार. बारीक तार. बडवणे. कार्यक्रम सुरू झाला की स्टेजकडे पाठ करून, डोळे मिटून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहायचे. हात मागे मिक्सरवर. मी विचारलं, गाणाऱ्यांकडे बघत का नाही? तर म्हणाले, “ते काय करतात ते मला ऐकू येतं. यांना काय ऐकू येतं ते बघायचं असतं.” डोळे मिटून काय बघतात, हे मी विचारलं नाही. त्यांना दुसरा प्रश्न आवडत नसे.

कार्यक्रमानंतर कोणी येऊन ‘साउंड मस्त होता’ म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. “म्हणजे गाणं पडलं.” त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते आम्हाला आठवड्यातून एकदा ऐकवलं जायचं. साउंडवाला ऐकू आला, म्हणजे चुकला.

आता माझ्या चुकीबद्दल.

एका कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर आमचा कार्यक्रम होता आणि त्याचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. साउंडवाल्यांनी आपला कॅसेट डेक मिक्सरला जोडला, नवी कॅसेट घातली आणि मला सांगितलं की त्यांनी खूण केली की लाल बटण दाबायचं. मी मान हलवली आणि वहीत लिहिलं, ‘रेकॉर्ड दाबणे, साडेपाच’. कारण कार्यक्रम साडेपाचला सुरू होणार होता. तो झाला नाही. साडेपाचला गायक अजून स्कूटरवर होता. साउंडवाले स्टेजवर जाऊन माइक तपासायला लागले. मी घड्याळ बघितलं, वही बघितली आणि बटण दाबलं. यादीत साडेपाच लिहिलं होतं.

ते सत्तेपर्यंत आले, तेव्हा गिटारवाल्याने चालू स्पीकरमध्ये पिन घातली. स्पीकर किंचाळला. साउंडवाल्यांची मान तिकडे वळली आणि माइकवर आलं ते एवढंच. “अडीच सत्ते... सतरा.” मधलं ‘साडे’ हवेत गेलं. पाठोपाठ भावाने ड्रम तपासायला चार ठोके मारले. मी डेक थांबवला, आणि पुढे खूण झाल्यावर पुन्हा चालू केला.

त्या कॅसेटवर त्यानंतर पहिलंच ते मराठी गाणं आलं आणि फार छान उतरलं. चौघं खुशीत होते. कॅसेट पुन्हा नीट न ऐकता तिच्या प्रती काढल्या आणि होस्टेलांमधून वाटल्या. म्हणजे कॅसेटची सुरुवात अशी. शांतता, मग एका पुणेरी गृहस्थांचा खणखणीत आवाज, अडीच एके अडीचपासून अडीच सत्ते सतरापर्यंत, मग किंचाळी आणि ड्रमचे चार ठोके. ऐकणाऱ्याला वाटावं, मुद्दाम केलंय.

पंधरा दिवसांनी साउंडवाले आमच्या घरी आले. तोवर त्यांनी कधी कोणाच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. ते एका कॉलेजच्या कँटीनमध्ये स्पीकर बसवायला गेले होते. तिथे पाच-सहा मुलं टेबल बडवून एका सुरात म्हणत होती, अडीच सत्ते सतरा.

“एकाने मला विचारलं, काका, हे म्हणणारा वेडा कोण आहे?” ते म्हणाले. चहाला हात लावला नव्हता. “माझा बाप पाढे चुकला की जेवायला द्यायचा नाही. आणि मी सतरा म्हणून ठेवलंय.”

भाऊ म्हणाला, “अहो साउंडवाले, लोकांना आवडतंय ते. तुम्ही हिट आहात.”

“मी ऐकू येतोय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, “बटण मीच आधी दाबलं असणार. तसं झालं असेल ना, यादीबाई?”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वही उघडली.

“लिहा. तो भाग कापायचा. वाटलेल्या कॅसेटी परत आणायच्या.”

मी लिहिलं. ‘कॅसेटी परत आणणे.’ बँडने त्यावर मतदान घेतलं. चार विरुद्ध शून्य, आणायच्या नाहीत. मला मत नव्हतं, आणि मी मागितलंही नाही. पुढच्या कार्यक्रमाला साउंडवाल्यांनी निरोप पाठवला की दुसरा बघा. आम्ही दुसरा बघितला. तो ‘हॅलो’ म्हणायचा.

नंतर नोकऱ्या लागल्या, व्हिसा लागले, लग्नं लागली आणि बँड संपला. तो फुटला वगैरे नाही. तालमीला दोघंच यायला लागले, मग कोणीच नाही. माझ्या वह्या मात्र मी कधी टाकत नाही. दर वर्षाअखेरी जुनी यादी बघून राहिलेलं काम नव्या वहीत उतरवते. ‘कॅसेटी परत आणणे’ ही ओळ अशी वर्षानुवर्षं उतरत आली. नवऱ्याने एकदा विचारलं, घरात कॅसेट प्लेअर तरी आहे का? मी म्हटलं, प्रश्न तो नाही.

मग कोणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली. तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं ते गाणं ऐकायला लागली, गिटारवर बसवायला लागली. एका समीक्षकाने लिहिलं की सुरुवातीच्या पाढ्यातलं हरवलेलं ‘साडे’ म्हणजे त्या काळातल्या मध्यमवर्गाचं हरवलेलं अर्धं स्वप्न. गायकाला मुलाखतीत याबद्दल विचारलं, तर त्याने खिडकीबाहेर बघत “हो, ते होतंच डोक्यात” असं सांगितलं. साडेपाचला तो स्कूटरवर होता.

गेल्या वर्षी बँड पुन्हा उभा राहिला आणि सहा शहरांचा दौरा ठरला. पहिला कार्यक्रम पुण्यात, येरवड्याच्या पुढे एका मोठ्या मैदानावर. व्यवस्था अर्थात माझ्याकडे. माझ्या याद्यांमध्ये आता केबल नसतात, ते काम कंपनी बघते. त्याऐवजी मानेचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या, गायकासाठी जवळच्या चष्म्याच्या दोन जोड्या असतात, कारण त्याला आता स्वतःचे शब्द वाचून गावे लागतात.

गायक म्हणाला, “ताई, साउंडवाले आहेत का अजून? त्यांना स्टेजवर आणू. प्रत्यक्ष अडीचकी. लोक वेडे होतील.”

मी म्हटलं, ते येणार नाहीत. पण जायचं मी आधीच ठरवलं होतं, वेगळ्या कारणासाठी.

दुकान केव्हाच गेलं होतं. ते खडकवासल्याच्या रस्त्याला एका सोसायटीत राहत होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडलं आणि आत वळून जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, “अहो, कोण आलंय बघा.” साउंडवाले टीव्हीसमोर बसले होते. बातम्या चालू, आवाज बंद.

“यादीबाई,” ते उठून उभे राहत म्हणाले. केस सगळे पांढरे झाले होते, हात तसाच मागे. “आवाज बंदच ठेवतो मी. अर्थ तेवढाच लागतो.”

मी दौऱ्याचं सांगितलं. गायकाचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली, नाही अशी. “त्या सात नंबरला सांगा, माणूस एकदा ऐकू आला ते पुरे झालं.”

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी वही बॅगेतून काढली, आणि मग परत ठेवली.

“साउंडवाले, ते बटण मी दाबलं होतं.”

“माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“त्याच दिवसापासून. बटणाला निळी शाई लागली होती. मी पेन वापरत नाही. पेन्सिल वापरतो, पुसता येते.”

“मग बोलला का नाहीत?”

“डेक माझा. माझ्या डेकवर दुसऱ्याचं बोट पडलं, तर ती माझीच चूक. आणि तुम्ही केव्हा सांगता ते बघत होतो. जरा वेळ घेतलात.”

मी पुटपुटत माफी मागितली. त्यांनी ती ऐकू न आल्यासारखं केलं. मला वाटलं, ही त्यांची पद्धत आहे. ती पद्धत नव्हती.

“मला ‘स’ ऐकू येत नाही आता,” ते म्हणाले. “कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिलाय. वरच्या पट्टीतलं सगळं गेलं. ही ‘साखर’ म्हणते, मला ‘आखर’ ऐकू येतं. परवा न्हाणीघरात अडीचकी म्हणून बघितली. अडीच अत्ते आडेअतरा.” ते हसले नाहीत. “तुमच्या कॅसेटवर नुसतं ‘साडे’ गेलं होतं. बरं होतं ते.”

चहा आला. आम्ही तो प्यायलो. उठायच्या आधी मी सहज सांगितलं, म्हणजे सहज नाही, पण तसा आव आणून सांगितलं, की माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला अडीच सत्ते खरोखरच सतरा वाटतात. तिने पाढा गाण्यातूनच ऐकलेला.

कप खाली आला. “खरंच सतरा म्हणतात?”

“टी-शर्टवर छापलंय.”

“मराठीत?”

“मराठीत. मोठ्या अक्षरांत.”

त्यांनी तो मुका टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “किती वाजता आहे कार्यक्रम?”

त्यांनी अटी घातल्या आणि मी त्या लिहून घेतल्या. स्टेजवर येणार नाही. मिक्सरपाशी उभा राहीन. ओळख करून द्यायची नाही. हार घालायचा नाही. कोणी ‘दिग्गज’ म्हणायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला मी त्यांना घेऊन मैदानावर पोचले. दौऱ्याचा साउंड इंजिनिअर पस्तिशीचा, नागपूरचा होता. त्याने वाकून नमस्कार केला. “या सर.”

“सर नाही. साउंडवाले.”

“मी पण साउंडवालाच आहे ना जी.”

“मग दोघं आहोत,” ते म्हणाले, आणि मी हुश्श केलं.

मिक्सर आता एका मोठ्या काचेच्या पडद्यासारखा होता. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. बँडशी बोलायला एक छोटा माइक ठेवला होता, त्याकडे बोट दाखवून विचारलं, “हा कुठे जातो?”

“स्टेजवर. बँडच्या कानात. हे लाल बटण दाबून धरलं तर सगळ्या मैदानात.”

“त्याच्यावर काहीतरी झाकण लावा. चुकून दाबलं जातं,” ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

इंजिनिअरने विनंती केली म्हणून ते त्या छोट्या माइकपासून चार बोटं लांब उभे राहिले. हात मागे. मैदान रिकामं होतं, खुर्च्या लावणारे दोघं-तिघं सोडले तर. त्याने बटण दाबलं. अडीच एके अडीच. आवाज जरा खरखरीत झाला होता, पण तसाच सरळ. त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर पडद्यावर हिरव्या रेषा उठत होत्या, ‘ड’ला डावीकडे, ‘च’ला उजवीकडे. सत्तेला अगदी उजव्या टोकाला एक बारीक उंच रेघ उठली आणि पडली. साडेला पुन्हा. सतराला पुन्हा.

“ते काय आहे?”

“तो तुमचा ‘स’ आहे सर.”

ते पुन्हा म्हणाले, नुसतं सत्ते साडेसतरा. मग नुसतं ‘स’. रेघ उठली. पुन्हा ‘स’. पुन्हा उठली. इंजिनिअरने बटण तसंच दाबून धरलं होतं, शहाणा होता. साउंडवाल्यांनी खिशातून पांढरी कागदी पट्टी काढली, तिचा एक तुकडा त्या महागड्या पडद्याच्या खालच्या कडेला, बरोबर त्या जागी चिकटवला आणि पेन्सिलीने त्यावर लिहिलं. स.

सातला मैदान भरलं. माझ्या वयाचे लोक कमी, पोरं जास्त, आणि छातीछातीवर ती चुकीची ओळ. साउंडवाल्यांनी जवळून जाणाऱ्या दोन-तीन छात्या वाचल्या आणि मग बघणं सोडलं. कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी स्टेजकडे पाठ केली, डोळे मिटले. मधूनच हात उंचावून दोन बोटं खाली करायचे आणि इंजिनिअर काहीतरी कमी करायचा. एकदा म्हणाले, “सात नंबर अजून माइक खातोय.”

शेवटी ते मराठी गाणं आलं. गायक मागे सरला आणि दिवे बंद झाले. कॅसेटवर जसं होतं, तसं आधी शांतता. मग सगळं मैदान एका आवाजात म्हणायला लागलं. अडीच एके अडीच. अडीच दुणे पाच. माझ्या अंगावर काटा आला, हे मी मान्य करते. त्या सगळ्या पोरांना साउंडवाल्यांचे थांबे पाठ होते, ‘त्रिक’वरचा झटका पाठ होता, श्वास कुठे घेतला तेही पाठ होतं. साउंडवाले मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते. ओठ हलत होते. चोक दहा. पंचे साडेबारा. सक पंधरा.

“यादीबाई,” ते म्हणाले, “बटण.”

मैदान गरजलं, “अडीच सत्ते सतरा.”

मी झाकण उचललं आणि बटण दाबून धरलं.

“साडेसतरा,” साउंडवाले म्हणाले.

मोठ्याने नाही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं. तो आवाज मैदानाच्या चारी कोपऱ्यांना जाऊन आला. लांबवर स्टेजवर माझ्या भावाच्या काड्या हवेतच थांबलेल्या दिसल्या. सगळ्या मैदानाने माना वळवल्या, कोण बोललं ते कोणालाच दिसत नव्हतं, आणि मग कुठूनतरी एकाने, मग सगळ्यांनी, नीट म्हटलं. साडेसतरा. भावाने चार ठोके मारले आणि गाणं सुरू झालं.

मी बटण सोडलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

“आले का?” त्यांनी विचारलं.

मी ‘स’ लिहिलेल्या पट्टीच्या वर रेघा बघत होते.

“आले,” मी म्हटलं. “दोन्ही.”